वसंतमामांची काळी पाच

मामा गेल्याचा फोन शहनाजआपांनी केला. यवतमाळला मामांच्या घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे, आणि मामी गेल्यापासून मामांचा सकाळचा चहा त्यांच्याकडूनच वर जायचा. त्या दिवशी चहा घेऊन गेलेली त्यांची सून कप तसाच घेऊन खाली आली... फोन मी घेतला. आई ओट्यापाशी तुरीच्या शेंगा सोलत होती. मी सांगितलं तेव्हा तिने हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे पातेल्यात टाकले आणि मग गॅस बंद केला. ती रडली नाही. बोलायच्या आधी ती नेहमी घसा खाकरते तसा खाकरला आणि म्हणाली, "बाबांना दुकानातून बोलाव." मारेगावहून आम्ही तिघं गाडीने यवतमाळला निघालो. मला वाईट वाटत नव्हतं, आणि ते चेहऱ्यावर दिसू नये एवढीच काळजी मी रस्ताभर करत होते.

गेल्या काही आठवड्यांत मामांवर बरंच छापून आलं. कोणी त्यांना तपस्वी म्हटलं, कोणी नाट्यसंगीताचा निःस्वार्थ उपासक. एका लेखात ते मृदुभाषी होते असं वाचलं आणि लेख दुसऱ्या कोणावरचा तर नाही ना, हे बघायला मी वर जाऊन पुन्हा नाव वाचलं. या पुरवणीच्या संपादकांनी मला लिहायला सांगितलं, कारण मामांच्या ग्रामोफोनच्या तबकड्यांचं शेवटचं काम मी त्यांच्याबरोबर केलं होतं. मला चांगलं लिहिता येणार नाही, असं मी आधीच कळवलं. त्यांना वाटलं मी माझ्या मराठीबद्दल बोलतेय. "इंग्रजी शाळेत शिकलीस म्हणून काय झालं, शुद्धलेखन आम्ही बघून घेऊ," असं ते म्हणाले. मी मामांबद्दल बोलत होते.

ज्यांना हे घराणं माहीत नाही त्यांच्यासाठी आधी तात्यांविषयी सांगते. भार्गवराम पिंपळखुटे, मामांचे आणि आईचे आजोबा. ढाणकीच्या शाळेत ते मास्तर होते. उमरखेडला एका नाटक कंपनीचा मुक्काम पडला, कंपनीच्या कवीचं मालकाशी भांडण झालं आणि तो निघून गेला. नाटक तर लागलेलं. कोणीतरी ढाणकीच्या मास्तरांचं नाव सुचवलं. मालकाने पेटीवर एक चाल वाजवून दाखवली आणि तात्यांनी संध्याकाळच्या खेळाआधी तिच्यावर शब्द बसवून दिले. त्या काळी पदं अशीच व्हायची. चाल आधी, शब्द नंतर, आणि शब्द बसले नाहीत तर दोष कवीचा. तात्या कंपनीबरोबर निघून गेले ते कंपनी मोडल्यावरच परत आले. मधल्या वर्षांत त्यांनी काही नाटकांची पदं लिहिली आणि त्यांतली थोडी तबकड्यांवर आली. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर गाणाऱ्या नटाचं नाव आहे, नाटकाचं नाव आहे. कवीचं नाव कुठेच नाही. परत आल्यावर तात्या वणीच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाच्या वजनकाट्यावर बसायचे. तिथल्या मजुरांना तो माणूस नाटकाचा कवी होता हे तो मेल्यावरही माहीत नव्हतं.

मामांना हा अन्याय वाटला, आणि तो होताच. महाविद्यालयात ते मराठी शिकवत. सुट्टी लागली की जिल्हाभर हिंडून तबकड्या शोधत. फुलसावंगीच्या एका घरात त्यांना तात्यांच्या पदाची तबकडी भाकरीच्या टोपलीवर झाकण म्हणून ठेवलेली सापडली. ती त्यांनी कोमट पाण्याने धुतली, मऊ फडक्याने पुसली आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसने आणली. पुरात भिजलेल्या, कडेला टवका उडालेल्या, भंगारात जाणाऱ्या तबकड्या त्यांनी वाचवल्या. तात्यांचं जे काही आज ऐकायला मिळतं ते मामांमुळे. हे मी लिहिलं नाही तर मीही मामांसारखीच दुसऱ्याचं श्रेय गाळणारी होईन, म्हणून लिहिलं.

माझी आणि मामांची ओळख मात्र वेगळी आहे. मी वणीच्या इंग्रजी शाळेत जायचे. घरी आईशी, बाबांशी वऱ्हाडीच बोलायचे, पण मराठी वाचताना अडखळायचे. मामांकडे गेलं की पाहुण्यांसमोर ते तात्यांच्या पदाचा कागद माझ्या हातात द्यायचे आणि मोठ्याने वाचायला लावायचे. मी 'कवणाचे' या शब्दाला अडले की ते पाहुण्यांकडे वळून म्हणत, "विचारा हिला, कवण म्हणजे कोण. पणतवंडाची ही अवस्था." पाहुणे हसत. मी त्या घरात बोलणं बंद केलं ते तेव्हापासून. पुढे मी तात्यांची सगळी पदं वाचली, अर्थ लावून वाचली, आणि आज हे मराठीत लिहितेय. त्याचं श्रेय लोक मामांना देतात. मी देणार नाही. ज्याने पाण्यात ढकललं त्याला पोहायला शिकवल्याचा मान द्यावा, असं मला वाटत नाही.

पण माझं राहू द्या. मामांवरचा माझा राग माझ्यासाठी नाहीच. तो आईच्या गळ्यासाठी आहे.

आई लहानपणापासून गायची. तिचा आवाज जाड, थोडा खालचा, दुपारच्या उन्हात बंद दारातून येणाऱ्या उजेडासारखा मंद. मामांनी 'तात्यांची पदं' हा कार्यक्रम सुरू केला तेव्हा गायला दुसरं कोणी नव्हतं. मामा तात्यांचं आयुष्य सांगत, राऊत सर पेटी वाजवत आणि आई गात असे. पुसद, उमरखेड, दारव्हा, दिग्रस... गणपतीत आणि नवरात्रात कार्यक्रम असत. आई मारेगावहून आदल्या दिवशी यवतमाळला जायची, मामांच्या घरचा स्वयंपाक करायची, तालीम करायची आणि दुसऱ्या दिवशी गायची. निमंत्रणपत्रिकेवर छापलेलं असे, 'निरूपण: प्रा. वसंत पिंपळखुटे. संवादिनी: श्री. राऊत. गायन: घरची मंडळी.' मी लहानपणी विचारलं होतं की ही घरची मंडळी म्हणजे कोण. आई हसली. "मीच ना. एकटीच मंडळी आहो मी." तबकडीवर तात्यांचं नाव नाही म्हणून मामा व्यासपीठावर आवाज चढवायचे तेव्हा मागे बसलेली आई मांडीवरची तानपुऱ्याची खोळ घडी घालत असायची.

नाव नसण्याचं आईला खरंच काही वाटत नव्हतं. तिचं मागणं एकच होतं. पट्टी उतरवू द्या.

ज्यांना पेटी वाजवता येत नाही त्यांना हे थोडं सांगावं लागेल. गाणारा आपला सा कुठे धरतो ती त्याची पट्टी. पेटीवरच्या पांढऱ्या-काळ्या सुरांच्या नावाने ती ओळखतात. आईची पट्टी काळी चार. मामांच्या चावीच्या ग्रामोफोनवर तात्यांचं पद लावलं की ते काळी पाचात लागायचं, म्हणजे आईच्या आवाजाच्या बरंच वर. मामांचं म्हणणं, तबकडीवर आहे तेच प्रमाण. त्यांनी त्यावर सिद्धान्तच मांडला होता. तेव्हा माइक नव्हते, शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जायचं तर नट काळी पाचातच गाणार, आणि आजच्या गाणाऱ्यांत तो दम उरलेला नाही. यावर त्यांचा लेख होता, व्याख्यानं होती. आई म्हणायची, "दादा, माह्या गळ्याले झेपून नाही राह्यलं." मामा पेटीच्या काळी पाचवर बोट दाबून धरायचे, ती सूर लावेपर्यंत.

तात्यांचं सगळ्यात गाजलेलं पद 'संगीत सुकन्याकौतुक' या नाटकातलं. राजकन्या सुकन्येच्या हातून चुकून एका ऋषीचे डोळे फुटतात, आणि ती त्या आंधळ्या म्हाताऱ्याशी लग्न करून रानात राहते. त्या पर्णकुटीत ती नवऱ्याला गाऊन सांगते, 'मंद दीप हा, पाउल कवणाचे दारी... तुज न दिसे ते, नाथा, सांगते मी सारे'. किती साधे शब्द आहेत. आई म्हणते, तात्यांनी लिहिताना गाणाऱ्याच्या श्वासाचा विचार केलाय. दम भरायला जागा ठेवलीय, लांब सुराशी शक्यतो आकार, म्हणजे 'आ' हा स्वर, ठेवलाय. पण काळी पाचात, त्या घाईच्या लयीत, ते शब्द एकमेकांवर आपटायचे. पुसदच्या कार्यक्रमानंतर एक फेटेवाले आजोबा मामांकडे आले आणि मोकळेपणाने म्हणाले, "गाणं मस्त होतं सर, पण बाई काय म्हणून राह्यली ते काई समजलं नाही बा." मामांनी परतीच्या गाडीत आईला उच्चारांवरून यवतमाळ येईपर्यंत बोलून घेतलं. तात्यांचे शब्द लोकांपर्यंत पोचावेत म्हणून तर हा सगळा खटाटोप, आणि तू ते चावून टाकतेस, असं त्यांचं म्हणणं होतं. आई खिडकीबाहेर बघत होती. मी तिच्या शेजारी होते.

अशी बरीच वर्षं गेली. मग आईचा आवाज फाटायला लागला. आधी वरचे सूर गेले, मग बोलतानाही घसा बसायला लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी आत गाठी दाखवल्या, ताण देऊन देऊन झालेल्या, आणि काही महिने मोठ्याने बोलायलाही मनाई केली. घरात आई पाटीवर लिहून दाखवायची. बाबा दुकानातून आले की ती टाळी वाजवून त्यांना जेवायला बोलवायची. मामा भेटायला आले. खुर्चीवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले की तात्यांची पदं मुळात बायकांच्या गळ्यासाठी नव्हतीच, पुरुष नट स्त्रीवेशात गायचे, तेव्हा यात कुसुमचा, म्हणजे आईचा, काही दोष नाही. त्यांना ते सांत्वन वाटत होतं. पुढच्या कार्यक्रमापासून त्यांनी व्यासपीठावर ग्रामोफोनच ठेवला. पत्रिकेवरून घरची मंडळीही गेली.

माझं शिक्षण संपलं आणि नोकरी लागायची होती, त्या मधल्या काळात मामांनी मला बोलावून घेतलं. तबकड्या झिजत चालल्या होत्या, त्या संगणकावर उतरवून ठेवायच्या होत्या. मला जायचं नव्हतं. आई म्हणाली, "तात्यांसाठी जा, दादासाठी नको जाऊ." मी नागपूरहून विजेवर चालणारं एक नवं यंत्र मागवलं. ते जुन्या तबकड्यांचा ठरलेला वेग बरोबर धरतं. आई त्या दिवशी माझ्याबरोबर आली होती आणि आत स्वयंपाकघरात होती. पहिली तबकडी मी 'मंद दीप'चीच लावली.

गाणं सुरू झालं आणि मामांच्या कपाळाला आठी पडली. आवाज खाली होता, लय सावकाश होती. आयुष्यात पहिल्यांदा मला कागद न बघता प्रत्येक शब्द कळत होता. मामा म्हणाले, यंत्र बिघडलेलं आलंय, परत पाठव. मी तबकडी तशीच चालू ठेवली. गाणं संपलं. त्या काळी नट गाणं संपलं की तबकडीवरच स्वतःचं नाव सांगत. मामांच्या ग्रामोफोनवर ते नाव नेहमी चिमटीत धरल्यासारखं, घाईघाईने यायचं, एखादं पोर नक्कल करतंय तसं. लहानपणी मी त्याला हसायचे. त्या दिवशी ते एका मोठ्या माणसाने सांगितलं. शांत, जरा दमलेल्या आवाजात... आपण घरी आल्यावर दारातून नाव सांगतो तसं. गाण्याच्या वेगाबद्दल वाद घालता येईल. माणसाच्या बोलण्याच्या वेगाबद्दल कसा घालणार? मी पेटी ओढली आणि सूर तपासला. काळी चार.

आई दारात येऊन उभी होती. हाताला कणीक लागलेली. तिने मला पुन्हा लावायला सांगितलं आणि गाण्याबरोबर अगदी हळू, ओठांतल्या ओठांत गायला लागली. कुठेही अडली नाही. मग पदराला हात पुसत म्हणाली, "दादा, हे तं माह्या पट्टीत आहे."

मामा म्हणाले, यंत्र बिघडलंय.

आईने त्यांना आठवण करून दिली. मोठ्या आवाजात नाही, ती आता मोठ्याने बोलूच शकत नाही. मामा कॉलेजात शिकत होते तेव्हा ग्रामोफोनची स्प्रिंग थकली होती. गाणं शेवटच्या कडव्याला आलं की आवाज मंदावून रडायला लागायचा. म्हणून मामांनीच वेगाची पितळी कळ पुढे सरकवली होती, गाणं निदान शेवटपर्यंत जावं म्हणून. पुढे नवी स्प्रिंग बसवली. कळ मागे घ्यायची राहिली, आणि तबकडी जोरात फिरली की सूरही वर चढतो. "तूच तर सरकवली होती. मी बाजूले बसून होती," आई म्हणाली.

यावर मामा काय म्हणाले ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण त्यांच्यावरच्या कोणत्याच लेखात ते येणार नाही. ते म्हणाले, "तुझ्या गळ्यासाठी मी आता इतिहास खाली उतरवू का, कुसुम?"

आई आत गेली. पोळ्या करायच्या राहिल्या होत्या, त्या तिने केल्या. मामा जेवले. मला त्यांनी सांगितलं की सगळी पदं संगणकावर त्यांच्या ग्रामोफोनच्या वेगाला आणून ठेव. मी नाही म्हणाले. त्या घरात इतक्या वर्षांत मी मोठ्याने काढलेला तो पहिला शब्द असेल. मग त्यांनी कॉलेजच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून ते करून घेतलं, प्रत्येक पदाच्या आधी स्वतःच्या आवाजात निवेदन घातलं आणि सगळं इंटरनेटवर टाकलं. आजही तिथे तेच आहे. लोक खाली लिहितात, काय आवाज, काय दम होता त्या पिढीत.

भाऊबीजेला मामा आईला ओवाळणी घातल्यावर एक पद म्हणायला लावत. त्या वर्षी आईने ओवाळलं. मामांनी गायला सांगितलं नाही आणि तिनेही आपणहून म्हटलं नाही. पुढच्या भाऊबीजांनाही तेच झालं. तिचा घसा तेव्हा बराच सुधारला होता. डॉक्टरांनी हळू, खालच्या सुरात गायला हरकत नाही असं सांगितलं होतं. पण ती गायची नाही. कपाटातली पेटी तिने काढली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, चूक माझीच असेल असं इतकी वर्षं वाटलं, आता सवय झाली. दादाने एकदा म्हणायला पाहिजे होतं... पुढे काय म्हणायला पाहिजे होतं ते तिने सांगितलं नाही. मला ते विचारायची गरज नव्हती.

तेरवी झाल्यावर आम्ही मामांची खोली आवरायला गेलो. शहनाजआपा मदतीला वर आल्या. चादरींच्या घड्या घालता घालता त्या बोलत होत्या, आणि बोलता बोलता त्यांनी सहज सांगितलं, "प्रोफेसरसाहेब आजकल गाने धीरे लगाते थे. पहले तो कुछ समझमेंच नहीं आता था बेटा. दिया, दरवाजा, पाँव... अब समझा क्या गाती है वो." आईच्या हातातली उशी हातातच राहिली. मी ग्रामोफोनपाशी गेले. पितळी कळ मागे होती. ती जिथे वर्षानुवर्षं अडकली होती तिथे धातूवर एक काळपट डाग पडला होता, आणि कळ त्या डागापासून दूर होती. मी चावी भरली, 'मंद दीप' लावली. पद काळी चारात लागलं. शेवटी त्या नटाने शांतपणे आपलं नाव सांगितलं.

म्हणजे मामांना कळलं होतं. कळल्यावर त्यांनी कळ मागे घेतली होती आणि खोलीत एकटे बसून ते तात्यांचं पद बरोबर ऐकत होते. कधीपासून, ते शहनाजआपांना नीट सांगता आलं नाही. मागच्या उन्हाळ्यापासून असेल, त्या म्हणाल्या. मागच्या उन्हाळ्यानंतर दिवाळी येऊन गेली होती. आईने त्यांना ओवाळलं होतं.

मी हे ज्यांना सांगितलं ते सगळे हळवे झाले. बघ, शेवटी त्यांना पश्चात्ताप झाला, बिचारे एकटे ऐकत बसायचे, असं राऊत सर म्हणाले आणि त्यांचे डोळे भरले. मला तसं वाटत नाही. ज्याला पश्चात्ताप होतो तो मारेगावला एक फोन करतो. मामांनी चूक दुरुस्त केली ती स्वतःच्या कानांपुरती. जगासाठी काळी पाच ठेवली, आणि बहिणीसाठी तिचा फाटलेला गळा. ती कळ मी त्या दिवशी पाहिली नसती तर माझा राग कदाचित वयाबरोबर ओसरला असता. आता ओसरणार नाही. चूक न कळलेल्या माणसावर फार काळ रागावता येत नाही. मामांना कळली होती. आई मात्र त्या दिवशी ग्रामोफोनपाशी आली. तबकडीवरची सुई तिने स्वतः उचलली. "कळलं होतं तं त्याले," एवढंच ती बोलली आणि उशीला अभ्रा चढवायला लागली.

यवतमाळला श्रद्धांजली सभा झाली. मी आईला जाऊ नको म्हणत होते. भाषणं झाली, मग मामांच्या निवेदनासह इंटरनेटवरचं पद वाजवलं, त्याच जुन्या वेगात. समोरची माणसं माना डोलवत होती. मग सूत्रसंचालकांनी, सरांच्या भगिनींनी आता एखादं पद म्हणावं, अशी विनंती केली. आई नाही म्हणेल असं मला वाटलं. ती उठली. राऊत सर पेटीवर बसलेच होते. त्यांचं बोट सवयीने काळी पाचवर गेलं.

आई म्हणाली, "काळी चार, राऊत सर."

राऊत सरांनी हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं, खरोखर पाहिलं, परवानगी मागावी तसं. आई थांबून राहिली. मग त्यांनी बोट खाली आणलं आणि तिने 'मंद दीप' म्हटलं. आवाज खरखरीत झालाय, दोन ठिकाणी तुटला, दम पूर्वीसारखा पुरत नाही. पण 'तुज न दिसे ते, नाथा, सांगते मी सारे' ही ओळ शेवटच्या रांगेपर्यंत, तिथे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्यापर्यंत, एकेक शब्द सुटा होऊन आली. माझ्या शेजारचे गृहस्थ आपल्या बायकोला म्हणाले, "हे गाणं असं आहे होय." बाहेर पडताना मामांचे एक सहकारी आईला भेटले. छान झालं, म्हणाले, फक्त सरांच्या वेळची ती उंची नाही आली. आईने हात जोडले.

आता आई रोज सकाळी गाते. कपाटातली पेटी ओट्याजवळच्या टेबलावर आली आहे. पण पेटी उघडायच्या आधीच, दूध तापत असतं तेव्हा, ती नकळत गुणगुणायला लागते, आणि ते काळी पाचात असतं. दर वेळी. इतक्या वर्षांनी गळा आपोआप तिथेच जातो, मामांच्या बोटाखालच्या सुरावर. पहिल्या ओळीच्या वरच्या जागेला आवाज चिरतो आणि ती खाकरते. तिला काही सांगायचं मला धाडस होत नाही. मी आतल्या खोलीतून येते, पेटीचा भाता उघडते आणि काळी चारवर बोट दाबून उभी राहते. आई थांबते. "हो, हो," म्हणते, आणि गॅस बारीक करून खाली उतरते, स्वतःच्या सुरावर. मामा गेले असं सगळे म्हणतात. आमच्या घरातून त्यांना रोज सकाळी एकदा बाहेर काढावं लागतं.